चहाचे गुण आणि शाळेतील मूल



चहा हिरवा असो वा काळा, त्याचे झाड एकच. खुडलेले पान लगेच वाफवून किंवा तापवून वाळविले म्हणजे हिरवा चहा होतो. तेच पान चुरगळून हवेत ठेवले की चिरलेल्या वांग्याप्रमाणे काळवंडते व काळा चहा तयार होतो. गवती चहा हे मात्र निराळेच सुगंधी गवत असून त्यात कॅफीन नसते.

चहाच्या पानांत पॉलिफेनॉल नावाची द्रव्ये असतात. पेशींना इजा करणारे अस्थिर कण ती निष्प्रभ करतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. परंतु परीक्षानळीतील गुण म्हणजे रोगावरील औषध नव्हे.

याच द्रव्यांची दुसरी बाजू शिक्षकांनी विशेष ध्यानी घ्यावी. पूर्वी हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून काळी शाई करीत. हिरड्यातील तुरट द्रव्य आणि हिराकशीतील लोह यांचा तो संयोग होय. चहातील तुरट द्रव्येही भाकरी, डाळ व पालेभाज्या यांतील लोह असेच बांधून ठेवतात आणि ते रक्तास पुरेसे मिळत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील शंभरांपैकी ६७ बालकांत रक्तक्षय आढळला. हीच बालके पुढे पहिलीच्या वर्गात येऊन बसतात.

बारामती व इंदापूर तालुक्यांत गळिताचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. आईबाप पहाटेच फडावर जातात; अशा वेळी मुलाची न्याहारी चहा-चपातीवरच भागली, तर पोट भरल्यासारखे वाटते, पण पोषण होत नाही. असे मूल वर्गात पेंगू लागले, तर त्यास आळशी ठरविण्यापूर्वी ‘सकाळी काय खाल्लेस?’ एवढे मायेने विचारावे.

उपाय खर्चाचे नाहीत. जेवण व चहा यांत निदान एक तासाचे अंतर असावे. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमातील लोहाची साप्ताहिक गोळी दुपारच्या आहारानंतर पाण्याबरोबर द्यावी, चहाबरोबर कधीही नव्हे. जेवणासोबत लिंबाची फोड किंवा इंदापूरकडे पिकणारा पेरू द्यावा. त्यांतील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते.

वर्गात कडक कोऱ्या चहात स्वच्छ लोखंडी खिळे रात्रभर ठेवावेत. सकाळी काळवंडलेला चहा मुलांनी स्वतः पाहिला, म्हणजे ही गोष्ट त्यांच्याच तोंडून घरोघरी पोहोचेल. प्रौढांनी आपला चहा खुशाल घ्यावा. मुलाच्या ताटातील लोह मात्र मुलाच्याच रक्तात जावे, याची काळजी शाळेने वाहावी.