खाते कोणाचे, किल्ली कोणाची?



दिवसभराच्या उन्हानंतर धाराशिवकर मंडळी गार वाऱ्याला येऊन बसली असता त्यांच्यापुढे संगणकातील कुलपे-किल्ल्यांचा विषय मांडावयाचा, हे थोडे धाडसच आहे. पण चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा माझ्या मनात गेली दोन वर्षे हेच चालले होते, म्हणून हेच सांगितले. मी विद्वान नव्हे. जे हातून झाले, आणि जे चुकले, तेवढे सांगणार आहे.

आपल्या जिल्ह्यातील एका गावच्या ग्रंथालयासाठी आम्ही चौघांनी फावल्या वेळात एक ग्रंथसूची तयार केली. घरबसल्या फोनवर पाहावी, हवे ते पुस्तक शोधावे आणि आपले नाव लिहून मागणी नोंदवावी, इतकीच तिची मजल. तिची सारी घडण आम्ही जगापुढे उघडी ठेवली. कोणीही ती पाहावी, बदलावी, आपल्या गावी न्यावी. अशा प्रणालीस मुक्तस्रोत म्हणतात. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयांसाठी सन २००० च्या प्रारंभी सुरू झालेली ‘कोहा’ ही प्रणाली अशीच असून ती आज आपल्याकडेही अनेक ग्रंथालयांत चालते. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आमची भेट फारच लहान होती, आणि तिला दार नव्हते. सभासदाचे खाते नाही, प्रवेशाची खूण नाही. गावातलीच माणसे, त्यांना कुलूप कशाला, असा आमचा विचार.

मागण्यांची यादी सर्वांना दिसत असे. कोणत्या पुस्तकाला किती मागणी आहे हे लोकांना कळावे, हा हेतू. एका मुलीने स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकाबरोबर स्त्रीआरोग्यावरील एक पुस्तक मागितले. ते तिच्या चुलत्यांनी यादीत पाहिले. घरी काय झाले ते मला ठाऊक नाही. मुलगी पुन्हा ग्रंथालयात आली नाही, एवढे ठाऊक आहे. पुढे दुसऱ्याच्या नावाने थट्टेच्या मागण्याही येऊ लागल्या, परंतु आम्ही जागे झालो ते त्या मुलीमुळे.

ही चूक एकट्या आमचीच होती असे नाही. विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला तेव्हा तो यूजमॉडविकी नावाच्या साध्या प्रणालीवर चालत असे. तीत आपले नाव आपणच सांगावयाचे. तेच नाव दुसऱ्याने घेतले तर त्यास अडविणारे कोणी नव्हते. माग्नुस मान्स्के ह्या जर्मन विद्यार्थ्याने नवी प्रणाली लिहिली, ती जानेवारी २००२ मध्ये चालू झाली आणि नावाला खात्याचा आधार मिळाला. ली डॅनियल क्रॉकर ह्यांनी त्याच वर्षी ती पुन्हा नव्याने लिहिली; तिलाच पुढे मीडियाविकी म्हणू लागले. आपला मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासूनचा. म्हणजे त्याला खात्यांची सोय जन्मतःच लाभली; थोरल्या भावाचे कपडे धाकट्याला मिळावेत तशी!

आता खाते म्हणजे काय? नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरी आपण गेलो की उपाध्ये गाव आणि आडनाव विचारतात, आणि वहीतून आजोबा-पणजोबांची नोंद काढून दाखवितात. ही झाली ओळख. पण मी दुसऱ्याच कोणाचे नाव सांगितले तर? वही काही बोलणार नाही. उपाध्ये चार प्रश्न विचारून खात्री करतील. ही झाली पारख. आणि खात्री पटली तरी माझ्या भाऊबंदांची नोंद खोडण्याचा हक्क मला मिळत नाही. तो प्रश्न अधिकाराचा. ओळख, पारख आणि अधिकार ह्या तीन गोष्टींची नवशिका कारागीर एकच खिचडी करतो. आम्हीही केली. पहिल्या महिन्यात आमच्या प्रणालीत जो आत आला तो ग्रंथपालच, असा प्रकार होता.

आणखी एक गंमत अशी की, दूर बसलेला संगणक फार विसरभोळा. आपण एक पान मागितले, त्याने दिले, की तो आपणांस विसरला. दुसरे पान मागितले की पुन्हा ‘आपण कोण?’ ह्यावर १९९४ साली नेटस्केपमधील लू मोंटुली ह्यांनी ‘कुकी’ नावाची युक्ती काढली. तुळजापुरी आपण चपला ठेवतो आणि बिल्ला घेतो ना, तसेच हे. एकदा पारख झाली की संगणक आपल्या फोनला बिल्ला देतो, आणि पुढे प्रत्येक वेळी फोन तोच दाखवितो. पण ज्याच्या हाती बिल्ला त्याच्या पायी चपला! म्हणून बिल्ला वाटेत कोणास वाचता येऊ नये, त्यावरचा आकडा कोणास ताडता येऊ नये, आणि ‘बाहेर पडा’ म्हटले की तो दोन्हीकडून रद्द व्हावा. आम्ही आरंभी तो फोनवरूनच पुसत होतो; संगणकाच्या दप्तरी तो जिवंतच राही.

आता परवलीचा शब्द. तो जसाच्या तसा लिहून ठेवू नये, हा धडा जुना आहे. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत १९६० नंतरच्या दशकात एक संगणक अनेक जण मिळून वापरीत. १९६६ साली तेथे दोन फायलींची अदलाबदल झाली आणि रोजच्या सूचनेच्या जागी सर्वांचे परवलीचे शब्द, जो कोणी आत येईल त्याच्यापुढे झळकू लागले. कोणाचे वाईट करण्याची कोणाचीच इच्छा नव्हती. म्हणून आता शब्द ठेवावयाचा नाही, त्याचे पीठ ठेवावयाचे. ज्वारीचे पीठ होते, पिठाची ज्वारी होत नाही. सभासदाने शब्द सांगितला की तो पुन्हा दळावा आणि जुन्या पिठाशी ताडून पाहावा. आणि दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ वेगळे दिसावे म्हणून प्रत्येकात निराळे मीठ घालावे. त्याला इंग्रजीतही मीठच म्हणतात, हे माझे विनोदी भाषांतर नव्हे. मॉरिस आणि टॉम्पसन ह्यांनी १९७९ मध्येच हे लिहून ठेविले आहे. हे जाते मात्र घरी बनवू नये. पीएचपी भाषेत २०१३ पासून ते तयार मिळते.

कोणी विचारतील, सारी घडण उघडी ठेवली तर चोराला वाट सापडणार नाही का? केर्कहॉफ्स ह्यांनी १८८३ सालीच सांगितले आहे की यंत्राची रचना शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहावी ती किल्ली. आम्ही मात्र एकदा घडणीबरोबर दप्तराची किल्लीही जगजाहीर करून बसलो. चार तासांनी ध्यानात आले. लेख खोडून भागत नाही, कारण अशा ठिकाणी जुन्या प्रतीही शिल्लक राहतात. कुलूपच बदलावे लागते. ते त्या रात्री बदलले.

एवढे सारे पुस्तकांतून शिकता येते. पण मराठीचे दुखणे पुस्तकात सापडले नाही. कऱ्हाडकर हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा ऱ दोन तऱ्हांनी उमटविता येतो, आणि दिसतो अगदी एकसारखा. संगणकाला मात्र ते दोन वेगळे कऱ्हाडकर! एका सभासदाने फोनवर खाते उघडले, ग्रंथालयातील यंत्रावर तेच नाव लिहिले, आणि ‘असा सभासद नाही’ असे उत्तर आले. बिचारे चष्मा पुसून पुसून पाहत होते. मग नाव नोंदविण्यापूर्वी ते एकाच वळणात आणण्याची व्यवस्था केली. आकड्यांचेही तसेच, मराठी ५ आणि इंग्रजी पाच एकच मानावे लागले. एकाच नावाचे सभासद तर प्रत्येक गावात आहेत. विकिपीडियाच्या निरनिराळ्या भाषांतील खाती एप्रिल २०१५ मध्ये एकत्र केली तेव्हा नावांची अशीच टक्कर झाली, आणि कित्येकांच्या नावापुढे मूळ विकीची शेपटी जोडावी लागली. आम्ही सभासद क्रमांकावर भागविले.

पण खरा पेच पडला तो शब्द विसरल्यावर काय, ह्याचा. शहरातील मित्र म्हणाले, फोनवर आकडा पाठवा, झाले. आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला किती कुटुंबे बाहेर पडतात, हे आपणांस मी काय सांगावे? घरात फोन एक. तो बहुधा पुरुषाच्या खिशात. हंगामात क्रमांक बदलतो; बराच काळ न वापरलेला क्रमांक बंद होऊन पुढे दुसऱ्या कोणास दिला जातो, आणि जुन्या खात्याची किल्ली त्या अनोळखी माणसाकडे जाते. शिवाय ज्या मुलीसाठी हा सारा खटाटोप, तिच्या खात्याचा आकडा चुलत्यांच्याच फोनवर जाणार! मग कुलूप कोणासाठी घातले?

आम्ही ह्यावर जुनाच मार्ग धरला. शब्द विसरलेल्या सभासदाने ग्रंथालयात यावे. ग्रंथपाल चेहऱ्याने ओळखतात. त्यांनी एक चिठ्ठी छापून द्यावी, ती एकदाच आणि एकाच दिवसापुरती चालावी, आणि नवा शब्द सभासदाने स्वतः टाकावा. ग्रंथपालांनाही तो दिसू नये. मित्र हसले. शंभर गावांना हे पुरणार नाही, हे मलाही कळते. आमचे एक गाव आहे.

पुस्तक परत आले की कोणी काय वाचले ही नोंद आता पुसली जाते. ज्याला आपली यादी हवी असेल त्यानेच ती ठेवा म्हणावे. कोहातही वाचकाला अशी निवड करता येते. काही कार्यकर्त्यांना हे रुचले नाही, कारण कोण काय वाचतो ह्याचा तक्ता वार्षिक सभेत छान दिसतो. पुस्तकांचा तक्ता करावा, माणसांचा करू नये, असे माझे मत मी तेथेही मांडले. अल्पवयीन मुलांच्या खात्यांचा निर्णय मात्र अजून व्हावयाचा आहे. २०२३ च्या केंद्रीय कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती ठेवण्यास पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे, आणि संमती मागावयास गेले की पुस्तकाचे नाव न सांगता ती कशी मागावी, ह्यावर आमच्यात दोन तट आहेत.

ती मुलगी अद्याप आलेली नाही. जुनी यादी आम्ही पहिल्याच आठवड्यात काढून टाकली; तिच्या मागणीचे पुस्तक ग्रंथपालांनी कपाटात वेगळे ठेवले आहे, वर नाव न लिहिता.