गॅप कशाचा?

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यातल्या काहींच्या खिशात ऑफर लेटर आहे. मी बोलणार आहे ते बाकीच्यांसाठी. उद्या मुलाखतीत बायोडेटावर बोट ठेवून कोणीतरी विचारणारच, ‘हा गॅप कशाचा?’ पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करून मग खासगी नोकरीकडे वळलेल्यांना हा प्रश्न तोंडपाठ आहे.

हा गॅप किती महागात पडतो, हे अर्थतज्ज्ञांनी मोजलंय. क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. अमेरिकेतल्या १०० मोठ्या शहरांमधल्या सुमारे ३,००० जाहिरातींना त्यांनी १२,००० च्या आसपास बनावट अर्ज पाठवले. कोणत्या अर्जावर बेकारीचे किती महिने दाखवायचे, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवलं. महिने वाढले तशी बोलावणी घटली. बहुतेक घसरण झाली पहिल्या आठ महिन्यांत. पुढे ती जवळपास थांबली. आणि जिथे नोकऱ्या मुबलक, तिथे ती जास्त तीव्र होती.

असं का? नोकऱ्या भरपूर असल्या की मालकाला शंका येते, ‘इतके दिवस याला कोणीच कसं घेतलं नाही?’ मंदीत त्यालाही कळतं की दोष काळाचा आहे. म्हणजे बरेचदा तो तुमचं काम जोखतच नाही. आधीच्यांनी नाकारलं असेल, या अंदाजावर तोही नाकारतो.

दिलासाही आहे. एरिक्सन आणि रूथ या अर्थतज्ज्ञांना स्वीडनमध्ये असं दिसलं, की नंतर नोकरी केलेली असेल तर जुनी बेकारी मालक मनावर घेत नाहीत. नऊ महिने किंवा त्याहून लांबलेली, अजून सुरू असलेली बेकारी मात्र कमी आणि मध्यम कौशल्याच्या कामांत नडते.

म्हणून ‘मिळेल ते पदरात पाडून घ्या’ असंही मी सांगणार नाही. अमेरिकेतल्या नव्या पदवीधरांवरच्या आणखी एका प्रयोगात बेकारीने फारसा फरक पडला नाही. पदवी लागत नाही अशा कामात अडकलेल्यांना मात्र बोलावणी बरीच कमी आली. घरची गरज असेल तर कुठलंही काम करा, त्यात कमीपणा नाही. पण सोबत आपल्या विषयाचा धागा सोडू नका. अप्रेंटिसशिप घ्या, छोटा प्रकल्प करा, दाखवता येईल असं काहीतरी हातात ठेवा. गॅप लपवू नका. त्या काळात काय केलं ते दोन वाक्यांत सांगा.

पालकांना विनंती, पोरांना रोज ‘लागलं का कुठे?’ विचारू नका. किती अर्ज वाया गेले, हे त्यांनाही मोजता येतं.

आणि पदवीधरांनो, तुमच्यातले अनेकजण काही वर्षांनी समोरच्या खुर्चीत बसून माणसं निवडतील. तेव्हा उमेदवाराचं काम आधी पाहा, तारखा नंतर. दुसऱ्यांनी नाकारलं, एवढ्याच कारणावरून कोणालाही नाकारू नका.