खेळाच्या पानावर मुलींची नावं कोण लिहितं?

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील महिला कार्यकर्त्यांच्या सांगली येथील शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

कालपासून आपण पोटगी, रेशन, दारूबंदी, बालविवाह यांवर बोलतो आहोत. त्यात माझा विषय जरा वेगळा वाटेल. मी बोलणार आहे वर्तमानपत्रातल्या खेळाच्या पानाबद्दल आणि त्या पानावर लिहिणाऱ्या बाईबद्दल. काही वर्षांपूर्वीपर्यंत मी स्वतः ते पान उघडत नव्हते. ते घरातल्या पुरुषांचं पान, असंच धरून चालले होते.

मत बदललं ते जत तालुक्यातल्या एका घरात. मुलगी दहावीत होती, कबड्डी खेळायची. तिच्या शाळेचा संघ जिल्ह्यात पहिला आला. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. त्यात उद्घाटक कोण, अध्यक्ष कोण, बक्षिसं कुणाच्या हस्ते, आभार कुणी मानले, अशी नऊ पुरुषांची नावं होती. शेवटच्या ओळीत होतं, ‘मुलींच्या गटातही चुरशीचे सामने झाले.’ वडिलांनी पेपर दोनदा वाचला आणि विचारलं, “हिचं नाव कुठाय?” त्यांच्या मनात नव्हतं असं नाही, पण भावकीला दाखवायला त्यांच्या हातात काही नव्हतं. पुढच्या स्पर्धेला मुलगी गेली नाही. दिवाळीनंतर स्थळं बघायला सुरुवात झाली.

दुसरं घर माण तालुक्यातलं. तिथल्या मुलीचं नाव, गावासकट, पेपरात छापून आलं होतं. आईनं ते कात्रण प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फोटोमागे ठेवलं होतं. पाहुणे आले की ती ते काढून दाखवायची आणि म्हणायची, “हिचा खेळ चालू आहे अजून, आत्ता नको.” कात्रणानं लग्न थांबतं असं मी म्हणणार नाही. त्या घरी शाळेच्या बाई चार वेळा गेल्या, मीही गेले. पण आमच्या बोलण्याला त्या कागदाचा टेकू होता, हे खरं.

तेव्हापासून मी विचारायला लागले, की ही बातमी लिहितं कोण? उत्तर सोपं आहे. तालुक्याच्या गावी मैदानावर वार्ताहर बहुधा नसतोच. त्याला मिळतं तुटपुंजं मानधन आणि जाहिरातींवरचं कमिशन. तो बसस्टँड, पंचायत समिती आणि पोलीस ठाणं सांभाळत असतो. बातमी लिहून पाठवतात स्पर्धेचे संयोजक. संयोजकांना पाहुण्यांची नावं छापून हवी असतात. मुलींची नावं छापून यावीत असं वाटणारं कुणी त्या साखळीत नसतं.

वर्तमानपत्राच्या धंद्यात ‘बीट’ असा शब्द आहे. एका वार्ताहराला एक क्षेत्र नेमून दिलेलं असतं. कोर्ट हे बीट, महापालिका हे बीट, तसं खेळ हेही बीट. बीटवर रोज जावं लागतं. बातमी असो-नसो, तिथं उभं राहावं लागतं, तेव्हा माणसं बोलायला लागतात. मराठीत वि. वि. करमरकरांनी १९६२ पासून ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये हे काम मन लावून केलं आणि खेळाची बातमी म्हणजे नुसता निकाल नव्हे हे वाचकांना दाखवलं. पण या बीटवर बाई कधी आली? आणि आली तेव्हा तिला कुठं अडवलं? ही गोष्ट जगात सगळ्यात स्पष्टपणे घडली ती अमेरिकेत, बेसबॉलच्या मैदानावर. म्हणून थोडं तिकडे जाऊ.

बेसबॉल म्हणजे बॅट आणि चेंडूचा खेळ. आपल्याकडे क्रिकेटचं वेड तसं तिकडे त्याचं. मोठ्या लीगमधला प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. संघाबरोबर नेमलेला वार्ताहर फेब्रुवारीतल्या सरावापासून ऑक्टोबरपर्यंत गावोगाव फिरतो. सामने बहुतेक रात्रीचे. सामना संपला की छपाईची वेळ गाठायची असते, हातात थोडाच अवधी असतो. त्या अवधीत खेळाडूंशी बोलायचं कुठं? तर त्यांच्या कपडे बदलायच्या खोलीत. पुरुष वार्ताहर थेट आत जायचे. बाई वार्ताहराला बाहेर थांबायला सांगायचे. कुणी खेळाडू बाहेर येईपर्यंत बाकीच्यांची बातमी छापायला गेलेली असायची. बाईला लिहायला बंदी नव्हती. जिथून बातमी मिळते त्या जागेची बंदी होती. आणि मग म्हणायचे, बायकांना खेळातलं कळत नाही.

१९७९ मध्ये टोरोंटोच्या एका दैनिकानं ॲलिसन गॉर्डन यांना हे काम दिलं. बेसबॉल वार्ताहरांच्या संघटनेनं त्यांना जे कार्ड दिलं त्यावर ‘मिस्टर’ ॲलिसन गॉर्डन असं छापलेलं होतं. कार्ड बाईचं असू शकतं हे छापणाऱ्यांच्या गावीच नव्हतं.

त्याआधी, १९७७ च्या अंतिम मालिकेत, एका क्रीडा साप्ताहिकाच्या मेलिसा लुडकी यांना त्या खोलीत जायला मनाई झाली. एका संघाच्या खेळाडूंची हरकत नव्हती. मनाई केली लीगच्या कार्यालयानं. त्या आणि त्यांचं साप्ताहिक कोर्टात गेले. सप्टेंबर १९७८ मध्ये न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मोटली यांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. मोटली या अमेरिकेच्या संघराज्य न्यायालयातल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री न्यायाधीश. त्यांच्या निकालातला एक मुद्दा आपण लक्षात ठेवण्यासारखा आहे. न्यूयॉर्कचं ते मैदान शहराच्या मालकीचं होतं. सार्वजनिक जागेवर बाईला वेगळी वागणूक देता येणार नाही. खेळाडूंच्या लाजेचं म्हणाल तर पडदा आहे, टॉवेल आहे.

पण मैत्रिणींनो, कोर्टाच्या कागदानं दार लगेच उघडत नाही, हे आपल्याला सांगायला नको. क्लेअर स्मिथ या कृष्णवर्णीय वार्ताहर १९८३ पासून हार्टफर्डच्या दैनिकासाठी न्यूयॉर्कच्या संघाचं बीट सांभाळत होत्या. १९८४ मध्ये शिकागोतल्या एका महत्त्वाच्या सामन्यानंतर पाहुण्या संघाच्या खोलीतून त्यांना शिव्या देऊन अक्षरशः ढकलून बाहेर काढलं. स्टीव्ह गार्व्ही नावाचा त्या संघाचा खेळाडू बाहेर आला, त्यांच्याशी बोलला आणि म्हणाला, तुम्हाला काम करायचं आहे, ते करा. त्यांनी डोळे पुसून वेळेत बातमी दिली. त्यानंतर लीगनं सगळ्या संघांना बायका-पुरुष वार्ताहरांसाठी दार सारखंच उघडं ठेवायला सांगितलं. बेसबॉल लिहिणाऱ्यांचा सर्वोच्च सन्मान १९६२ पासून दिला जातो. तो पहिल्यांदा बाईला मिळाला २०१७ मध्ये, आणि ती बाई होती क्लेअर स्मिथ.

आपल्याकडे शारदा उग्रा यांनी १९८९ मध्ये मुंबईत ‘मिड-डे’त खेळाच्या बातम्या लिहायला सुरुवात केली. पुढे ‘द हिंदू’, ‘इंडिया टुडे’ असं करत तीस वर्षांहून अधिक काळ त्या लिहीत राहिल्या. म्हणजे हे होऊ शकतं. पण मुंबईत लोकल आहे. सांगली-साताऱ्यात काय?

माझ्या ओळखीची एक मुलगी. पदवीनंतर पत्रकारितेचा कोर्स केला, स्वतः खो-खो खेळलेली. एका स्थानिक दैनिकात लागली. तिला दिली महिलांची पुरवणी. पाककृती, हळदीकुंकू, मेंदी. ती वर्षभर म्हणत राहिली, मला खेळ द्या. शेवटी एकदा कबड्डीच्या अंतिम सामन्याला पाठवलं. सामना रात्री अकराला संपला. शेवटची एस.टी. गेलेली. ऑफिसात फोन केला तर गाडी नाही म्हणाले, आणि वर ऐकवलं, “म्हणूनच आम्ही मुलींना देत नाही.” रात्र तिनं एका खेळाडूच्या मामीकडे काढली आणि तिथून फोनवरून बातमी सांगितली. बातमीत दोन्ही संघांतल्या सगळ्या मुलींची नावं होती. सहा महिन्यांनी तिनं नोकरी सोडली. तिला खेळ कळत नव्हता असं कुणी म्हणू शकणार नाही. तिला परतीचं वाहन नव्हतं, एवढंच.

आता कुणी म्हणेल, आपल्या मुलींची नावं तर येतात की पेपरात! येतात. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी भारतीय बाई धावण्याच्या वैयक्तिक प्रकारात अंतिम फेरीत पोचली होती. सातारा जिल्ह्यातली अदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला, वयाच्या सतराव्या वर्षी, तिरंदाजीत जगज्जेती झाली. आपल्या सांगलीत वाढलेली स्मृती मानधना २ नोव्हेंबर २०२५ ला विश्वचषक जिंकणाऱ्या संघाची उपकर्णधार होती. त्या दिवशी सगळ्यांनी पानं भरून लिहिलं, आनंदच आहे. पण जिंकल्यावर लिहायला गर्दी होते. मुलगी तेरा वर्षांची असते, धुळीच्या मैदानावर खेळत असते आणि घरात शाळा सोडायचं बोलणं चालू असतं, तेव्हा लिहिणारं कोण असतं?

आणखी एक कारण आहे, ते जास्त गंभीर आहे. जानेवारी २०२३ मध्ये देशातल्या नामवंत महिला कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या, लैंगिक छळाची तक्रार घेऊन. त्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, याच सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली. एकीकडे आखाड्याचं दार मुलींना उघडत होतं, दुसरीकडे आत काय चालतं त्याची फिर्याद रस्त्यावर मांडावी लागत होती. त्या मैदानावर वर्षानुवर्षं रोज येणारी, मुलींच्या ओळखीची एखादी बाई वार्ताहर असेल, तर रस्त्यावर बसण्याआधी सांगायला निदान एक जागा असते. संयोजकांच्या प्रेसनोटमध्ये असली बातमी कधीच नसणार.

तेव्हा आपण काय करायचं? मला चार गोष्टी सुचतात.

एक, आपल्या गावात मुलींचे सामने झाले की आपणच बातमी लिहायची. प्रत्येक मुलीचं पूर्ण नाव, गाव, गुण. पाहुण्यांची नावं शेवटी. संध्याकाळच्या आत पाठवायची आणि छापलं नाही तर विचारायला जायचं.

दोन, प्रत्येक शाळेत मुलींच्या कात्रणांची आणि प्रमाणपत्रांची फाईल ठेवायला लावायची. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी कात्रण नव्हे, प्रमाणपत्र लागतं. ते हरवलं की मुलीचा हक्कच जातो.

तीन, आपल्या भागात कुणी मुलगी खेळाची बातमीदारी करत असेल तर तिच्या परतीची किंवा मुक्कामाची सोय आपल्या गटानं करायची. त्याचबरोबर तिच्या मालकाकडे वाहन मागायचं. सोय आपण केली म्हणून त्याची जबाबदारी सुटत नाही.

चार, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेच्या जागेलाही लागू आहे, हे तिथल्या फलकावर लावायला सांगायचं. तक्रार समिती नसेल तिथं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, हेही मुलींना सांगायचं. खेळाडूला जसं, तसंच वार्ताहर मुलीलाही.

जतच्या त्या मुलीचं पुढच्या वैशाखात लग्न झालं. मागच्या वर्षी मी तिला भेटले. कडेवर मूल होतं. तिनं पहिली गोष्ट विचारली, “ताई, त्या वर्षीच्या आमच्या संघातल्या मुलींची नावं तुमच्याकडं आहेत का लिहिलेली?” माझ्याकडे नव्हती. कुणाकडेच नव्हती. परवा मी तिच्या शाळेत जाऊन जुन्या हजेरीपटावरून ती काढली. बारा नावं आहेत. या भाषणानंतर मी ती फळ्यावर लिहिणार आहे. तुमच्या गावातल्या मुलींची नावं तुम्ही त्याखाली लिहा.