सात लाखांचं एस्टिमेट, अकरा लाखांचं बिल

आज पाहुणा कोणी नाही. फक्त मी आणि एक बिल.

गेल्या वर्षी आई पोळ्या लाटता लाटता डोकं धरून खाली बसली. "असं डोकं कधीच दुखलं नव्हतं रे," एवढंच म्हणाली आणि उलट्या सुरू झाल्या. सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्तस्राव दिसला. कारण अॅन्युरिझम. म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा. तो फुटला होता.

मार्ग दोन होते. क्लिपिंग, म्हणजे कवटी उघडून फुग्याच्या तोंडाशी बारीक चिमटा बसवायचा. किंवा कॉइलिंग, म्हणजे जांघेतून नळी वर नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारा भरायच्या. आईचं कॉइलिंग ठरलं. एस्टिमेट सात लाख. मी सही केली.

बिल झालं अकरा लाख. का? किती कॉइल लागतील ते प्रत्यक्ष भरतानाच कळतं आणि प्रत्येक कॉइलचे पैसे वेगळे. दुसरं, आयसीयू. फुगा बंद झाला की सुटलो, असं मला वाटलं होतं. पण अशा रक्तस्रावानंतर साधारण दोन आठवडे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसायचा धोका असतो. मामांनी ट्रॅक्टर विकला, मी पर्सनल लोन काढलं.

नवव्या दिवशी शेजारच्या पेशंटच्या भावाने विचारलं, "दादा, चॅरिटीचा फॉर्म भरला का?" मला माहीतच नव्हतं! महाराष्ट्रात धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के बेड निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या पेशंटसाठी ठेवावे लागतात. आम्ही उशिरा अर्ज केला, थोडीच सवलत मिळाली.

म्हणून सांगतो. असं डोकं दुखलं तर आधी हॉस्पिटल गाठा, कागद नंतर. पण पेशंट आत गेला की त्याच दिवशी घरातल्या एकाने रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन सोशल वर्करला भेटायचं. हॉस्पिटल महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असेल तर आरोग्यमित्रालाही. त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आणि सही करण्याआधी विचारा: यात कॉइल किती धरल्यात? आयसीयूचे दिवस किती?

आई आता बरी आहे. परवा म्हणाली, "माझ्यापायी दादाचा ट्रॅक्टर गेला." मला काही बोलता आलं नाही.

हा एपिसोड घरच्या ग्रुपवर नक्की टाका. भेटू पुढच्या आठवड्यात.