घरच्या चुलीवर चिनी पदार्थ



हॉटेलांत आवडलेले चिनी पदार्थ घरीं करून पाहिले, पण ती चव कांहीं आली नाहीं, अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकूं येते. भाजीला पाणी सुटतें, भाताचा गोळा होतो, आणि मुलें एक घास घेऊन ताट बाजूला सारतात. मग गृहिणी आपल्या हाताला दोष देते व पुढल्या खेपेस आणखी चार बाटल्या विकत आणते. माझ्या मतें दोष हाताचा नसून निवडीचा आहे. चिनी उपाहारगृहांतील पदार्थ निराळे आणि चिनी माणसाच्या घरांतील निराळे. पहिल्यांना लागणारी आंच आपल्याकडे नसते. दुसऱ्यांना लागणारें बहुतेक सारें आपल्या फडताळांत आधींच असतें.

आंचेची गोष्ट थोडी उकलून सांगतें. उपाहारगृहांतील शेगडीची ज्योत घरच्या ज्योतीच्या कितीतरी पट मोठी असते. त्या कढईंत भाजी पडली कीं तिच्यांतलें पाणी क्षणांत वाफ होऊन उडून जातें आणि भाजीला खरपूसपणा येतो. घरच्या कढईंत ढीगभर भाजी एकदम लोटली, तर तेवढी वाफ उडविण्याचें सामर्थ्य आपल्या ज्योतींत नसतें. पाणी कढईंतच साचतें, आणि तें आहे तोंवर उष्णता शंभर अंशांच्या वर जात नाहीं. खरपूसपणाला तर साधारण 140 अंश तरी हवेत. म्हणजे भाजी परतली न जातां उकडली जाते. याला उपाय एकच : एका वेळीं दोघांपुरतेंच करावें, कढई आधीं चांगली तापूं द्यावी, आणि सारें चिरून, सारख्या आकाराचें करून, हाताशीं ठेवावें. कढई तापल्यावर लसूण सोलावयास बसणें म्हणजे फसगत.

आतां मांचुरियन. हा पदार्थ मांचुरियांत शोधावयास जाल तर हात हलवीत परत याल. कोलकात्यांत जन्मलेले नेल्सन वांग यांनीं 1975 सालीं मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियांत तो प्रथम केला, असें सांगतात. आलें, लसूण, हिरवी मिरची हा आपला पायाच त्यांनीं घेतला, आणि गरम मसाल्याऐवजीं सोया सॉस घालून रस कॉर्नफ्लोअरनें दाट केला. तेव्हां तो घरीं करावयास संकोच कसला? कॉर्नफ्लोअर मात्र गार पाण्यांत कालवूनच घालावें, नाहीं तर गुठळ्या ठरलेल्या.

तळलेल्या भाताविषयीं सावधगिरीची एक गोष्ट सांगणें मला अवश्य वाटतें. आपल्या फोडणीच्या भाताप्रमाणें याहि भाताला आदल्या दिवसाचीच शितें लागतात. गार झाल्यावर तीं घट्ट होतात व मोकळीं राहतात. पण शिळा याचा अर्थ रात्रभर ओट्यावर झांकून ठेवलेला नव्हे. तांदळांतील एका जंतूचीं बीजें शिजवूनहि मरत नाहींत. कोमट भातांत तीं वाढतात, आणि त्यांचें विष पुन्हां कितीहि तापविलें तरी नाहींसें होत नाहीं. म्हणून भात शिजतांच परातींत पसरून निववावा, आणि तासाभराच्या आंत झांकून फ्रीजमध्यें ठेवावा. दुसऱ्या दिवशीं दोन अंडीं तेलावर अर्धवट मोडून घ्यावीं, त्यांवर तीन वाट्या भात टाकून मोठ्या आंचेवर परतावा, आणि उतरवितांना मीठ, कांद्याची पात व अगदीं थोडा सोया सॉस घालावा. भात काळा करण्याची चाल मला पसंत नाहीं.

माझा खरा लोभ मात्र वाफवलेल्या अंड्यावर आहे. चिनी घरांत लहान मुलांना व आजाऱ्यांना हें भरवितात, आणि ज्या घरांत मोदकपात्र आहे त्या घराला हें कठीण नाहीं. दोन अंडीं फोडून वाटींत जेवढीं भरतील त्याच्या दुप्पट पाणी घ्यावें. पाणी उकळून कोमट केलेलें असावें. चिमूटभर मीठ घालून फेस न काढतां हळूच ढवळावें, गाळणींतून पसरट वाडग्यांत गाळावें आणि वर ताटली झांकावी. वाफ मंद ठेवून दहा-बारा मिनिटें द्यावीं. वाफ जोराची झाली तर आंत जाळी पडते व चोथा होतो; मंद राहिली तर खरवसाप्रमाणें थरथरणारा, गुळगुळीत पदार्थ हातीं येतो. वर सोया सॉसचे चार थेंब, चमचाभर कडकडीत तेल आणि बारीक पात. भाताबरोबर हें इतकें सहज उतरतें कीं जेवावयास कुरकुरणारें मूलहि वाडगा पुढें करतें.

टोमॅटो आणि अंडीं एकत्र परतून केलेली भाजी चीनमध्यें घरोघरीं होते. आपल्याहि घरांत ती जवळजवळ तशीच होत असल्यानें तिच्यावर वेळ घालवीत नाहीं. चिमूटभर साखर घाला, म्हणजे ती चिनी झाली.

भाजलेल्या गोड पदार्थांचें मात्र उलट आहे. जुन्या चिनी घरांत भट्टी नव्हती. भाजलेलें तें दुकानांतून यावयाचें. त्यामुळें हाँगकाँगचीं अंड्याचीं टार्टें किंवा शरदोत्सवांतले चांद्र-केक घरीं करण्याचा अट्टाहास चिनी गृहिणीहि सहसा करीत नाहीं. पण कँटनकडील अक्रोडाचें बिस्किट आपल्या नानकटाईचें सख्खें भावंड शोभतें, व तें सहज साधतें. मैदा 200 ग्रॅम, पिठीसाखर 90, पातळ केलेलें तूप 110, अर्धें फेटलेलें अंडें, पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि भाजून भरडलेले 60 ग्रॅम अक्रोड. मूळचें बिस्किट डुकराच्या चरबींत करतात. आपलें तूप कांहीं उणें पडत नाहीं. अंडें चालत नसेल तर दोन चमचे दूध घ्यावें. पीठ मळूं नये, नुसतें गोळा करावें. मळलें कीं खुसखुशीतपणा गेला. लिंबाएवढे सोळा-सतरा गोळे करून अंगठ्यानें मधोमध दाबावे, आणि 180 अंशांवर पंधरा ते वीस मिनिटें भाजावे. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यांत मिठाचा थर देऊन, वर तिवई ठेवून, झांकण घालून आधीं दहा मिनिटें तापवावें. वेळ थोडा अधिक लागेल. बिस्किटाला भेगा पडल्या म्हणजे तें साधलें असें समजावें. बाहेर काढल्यावर तें मऊच लागतें, म्हणून पुन्हां भाजावयास घालूं नये. पूर्ण निवूं द्यावें, मग घट्ट झांकणाच्या डब्यांत भरावें.