टाकून दिलेली जमीन कोणाची?
(नाकाडोंगरी येथे दिलेले भाषण)



नाकाडोंगरीत उद्योगाचा इतिहास सांगण्यासाठी ग्रंथ उघडावा लागत नाही. शेजारी डोंगरी बुजुर्गची उघडी खाण आहे, चिखल्याची भूमिगत खाण आहे. १८९६ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश सिंडिकेटने या पट्ट्यातील मँगनीज-व्यवसायाचा पाया घातला. १९६२ साली सरकार ५१ टक्क्यांचे भागीदार झाले. १९७७ मध्ये उरलेला हिस्साही सरकारकडे आला. मालक बदलला, परंतु उपसलेल्या जमिनीचा हिशेब मांडण्याची रीत बदलली नाही.

खनिज विकले की नफा वहीत चढतो. मागे राहिलेला खड्डा आणि दगडमातीचे ढिगारे यांची नोंद मात्र ‘निरुपयोगी’ अशी होते. अशा ढिगाऱ्यात सेंद्रिय अंश आणि नत्र नगण्य असते. तरीही काळ लोटला की गवत उगवते, बाभूळ मूळ धरते. नागपूर जिल्ह्यात गुमगावच्या ढिगाऱ्यांवर ‘नीरी’च्या शास्त्रज्ञांनी सेंद्रिय खत व जिवाणूंच्या साह्याने झाडे वाढवून दाखविली आहेत. आणि जेथे हिरवळ येते, तेथे भूमिहीनाची शेळी आणि सरपण वेचणारी बाई येतेच. वहीने टाकलेली जमीन अशी पुन्हा संसाराला लागते.

धोका यापुढे आहे. जमिनीला किंमत आली की तिच्यावर जगणारा ‘अतिक्रमक’ ठरतो. मुंबईच्या गिरण्या आठवा. १९८२ च्या संपानंतर त्या ओस पडल्या. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीतील वाटा मोकळ्या जागेसाठी आणि घरांसाठी राखला; २००१ च्या दुरुस्तीने तो मोकळ्या भूखंडापुरता आक्रसला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. जमिनीला सोन्याचा भाव आला. कामगाराच्या पदरी मात्र घरासाठीची लढाई आली.

निसर्ग जखम भरून काढतो म्हणून जखम करणाऱ्याची जबाबदारी सरत नाही. खोल पाणी, ढासळणारी माती यांचा बंदोबस्त प्रथम खाणचालकानेच केला पाहिजे. खाण बंद करण्याचा आराखडा २००३ पासून नियमानेच बंधनकारक आहे. तो आराखडा ग्रामसभेत मराठीत वाचला जावा, ही आपली पहिली मागणी. वनजमीन असेल तेथे २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्काचे दावे दाखल व्हावेत, ही दुसरी. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये असा हक्क मिळविला आहे.

कुंपण पडल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा, कुंपण पडण्यापूर्वी कागद मागणे अधिक शहाणपणाचे आहे. ते काम आपण आजच हाती घेऊ या.