रोज तीच काता कशासाठी?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या विहाराच्या सभागृहात संध्याकाळी कराटेचा वर्ग भरतो, हे आपण जाणताच. तो वर्ग आम्ही चालवतो. पालक आम्हाला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात, "सर, दोन वर्षं झाली, पोरगं तेच तेच करतंय. पुढचा पट्टा कधी?" आणि मुलगी आठवी-नववीत गेली की प्रश्न येत नाही, निरोप येतो, "आता पुरे झालं, उद्यापासून ती येणार नाही." आज समितीने बोलण्याची संधी दिली आहे, तर या दोन्ही गोष्टींचं उत्तर आम्ही ही विद्या जिथून आली त्या जपानच्या इतिहासातून देऊ इच्छितो.

मुलं जे 'तेच तेच' करतात त्याला काता म्हणतात. ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या दिशेने करायच्या अडवण्याच्या, ठोशांच्या, लाथांच्या हालचाली. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ साचा. आणि सरावाला ते लोक 'केइको' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ जुन्याचा विचार करणे. म्हणजे सराव करणारा नुसता घाम गाळत नसतो, तर आधीच्या लोकांनी काय जाणलं होतं ते स्वतःच्या अंगात शोधत असतो. जुन्या काळी तलवारीच्या, भाल्याच्या घराण्यांनी गुंडाळ्या लिहून ठेवल्या, पण त्यांत पुष्कळदा डावांची नुसती नावंच असत. खरी विद्या एका अंगातून दुसऱ्या अंगात जात असे. साचा बिघडला तर पुढच्या पिढीच्या हाती बिघडलेलीच वस्तू येणार. म्हणून सोयीसाठी काता कोणी बदलत नसे.

चिबा प्रांतातलं कातोरी शिंतो-र्यू हे घराणं पंधराव्या शतकात सुरू झालं आणि आजही चालू आहे. १९६० मध्ये चिबा प्रांताने त्याची सांस्कृतिक ठेवा म्हणून नोंद केली. किल्ला नाही, मूर्ती नाही, माणसांच्या हालचाली हाच ठेवा! अशा जुन्या घराण्यांत तलवारीच्या काता दोघांनी मिळून करायच्या असतात. एक वार करतो, दुसरा तो चुकवून शेवटी जिंकतो. आता सांगा, जिंकणारा कोण असेल? आपल्याला वाटेल, गुरू. पण तसं नाही. जिंकणाऱ्याची बाजू शिष्याची आणि हरणाऱ्याची बाजू गुरूची किंवा ज्येष्ठाची. ज्येष्ठ माणूस योग्य वेळी, योग्य अंतरावरून खरा वार करतो आणि शिष्याला जिंकायला शिकवतो. शिष्य तयार होईल तसा वारही जड होत जातो. वर्षानुवर्षं, हजारो वेळा गुरूने हरायचं, तेव्हा एक शिष्य उभा राहतो. बंधु-भगिनींनो, शिकवणं म्हणजे काय हे आम्हाला पुस्तकांपेक्षा या गोष्टीतून जास्त कळलं.

आपली मुलं करतात तो कराटे मात्र जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावरचा. तिथले इतोसू आन्को नावाचे वयोवृद्ध शिक्षक होते. पूर्वी ही विद्या रात्री, अंगणात, मोजक्या लोकांना दिली जाई. १९०१ पासून ती ओकिनावाच्या शाळेत आली, त्यामागे इतोसू होते. शाळेच्या मुलांसाठी त्यांनी पाच काता बसवल्या. त्यांनाच आपली मुलं 'हेइआन' म्हणतात. हेइआन म्हणजे शांती. या पाचही कातांची पहिली हालचाल वार करण्याची नाही, अडवण्याची आहे, हे मुलांनी घरी जाऊन आई-वडिलांना करून दाखवावं.

इतोसूंचे शिष्य फुनाकोशी गिचिन. हे गृहस्थ प्राथमिक शाळेत मास्तर. दिवसा शाळा, रात्री गुरूच्या घरी सराव. १९२२ मध्ये त्यांनी तोक्योला जाऊन कराटे दाखवला आणि पुढे तो जगभर गेला. या फुनाकोशींनी नाइहांची नावाच्या फक्त तीन काता शिकायला दहा वर्षं घालवली, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. या कातेत घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवून एकाच सरळ रेषेत डावीकडे-उजवीकडे सरकायचं असतं. उडी नाही, गिरकी नाही. बघणाऱ्याला त्यात काही दिसत नाही.

मग दहा वर्षं कशाला? आमच्या वर्गात जे घडतं त्यावरून सांगतो. पहिल्या वर्षी मुलाला फक्त क्रम पाठ होतो. पाय कुठे, हात कुठे. मग कळतं, की ठोसा खांद्यातून येत नाही, कमरेतून येतो. मग कळतं, की श्वास अडकला की कंबर अडकते. मग समोर माणूस नसतानाही त्याचं अंतर दिसू लागतं. यातलं एकही आधी सांगून कळत नाही. काता तीच राहते, करणारा बदलत जातो. जपानमध्ये या प्रवासाला 'शु-हा-री' असे तीन शब्द आहेत: आधी राखणं, मग मोडणं, मग सोडणं. नियम मोडायचा अधिकार ज्याने तो राखला त्याला. आणि काळा पट्टा? त्या पहिल्या पायरीचं जपानी नाव 'शोदान', म्हणजे सुरुवातीची श्रेणी. आपण ज्याला शेवट समजतो तिथे त्यांची सुरुवात होते.

धम्माशी याचा संबंध काय, असं काही उपासक विचारतात. बोधिधर्म भारतातून चीनला गेले आणि त्यांनी भिक्षूंना ही विद्या शिकवली, ही कथा वर्गावर्गांतून सांगितली जाते. अभ्यासक तिला दंतकथा मानतात. कातोरीचं घराणंसुद्धा शिंतो देवस्थानाशी जोडलेलं आहे. आपल्याला आनंद वाटायला खऱ्या गोष्टी पुरेशा आहेत. सतराव्या शतकात ताकुआन नावाचे झेन भिक्षू होते. शोगुनचे तलवारीचे शिक्षक याग्यू मुनेनोरी यांना त्यांनी मन कसं ठेवावं हे लिहून कळवलं. त्यात सहस्रभुज कान्नोनचा दाखला आहे. कान्नोन म्हणजे आपले अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातले पद्मपाणी तेच. ताकुआन म्हणतात त्याचा भावार्थ असा, की हजार हातांपैकी एका हातावर मन अडकलं, तर बाकीचे नऊशे नव्व्याण्णव हात निकामी झाले. मन कुठेही अडकलं नाही, तर हजारही हात उपयोगी. काता हजार वेळा करायची ती यासाठी. पायाकडे लक्ष द्यावं लागतं तोवर मन पायात अडकलेलं असतं. पाय आपोआप पडू लागला की मन मोकळं.

आता मुलींबद्दल. जपानमध्ये कानो जिगोरो नावाचे शिक्षक होऊन गेले. १८८२ मध्ये तोक्योच्या एइशोजी या बौद्ध मंदिरात, बारा चटयांच्या जागेत, त्यांनी ज्युदोची शाळा काढली. विहाराच्या खोलीत सुरू झालेला वर्ग कुठवर जाऊ शकतो बघा! कानोंचे पहिले गुरू फुकुदा हाचिनोसुके. डाव कसा बसतो असं विचारलं, की ते शब्दांत सांगत नसत, पुन्हा पुन्हा पाडून दाखवत. या गुरूंची नात केइको फुकुदा. त्यांचा जन्म १९१३ चा, उंची पाच फुटांहून कमी. १९३५ मध्ये त्या कानोंच्या शाळेत दाखल झाल्या. लग्न करून ज्युदो सोडण्यापेक्षा त्यांनी ज्युदो निवडला. 'जु-नो-काता' ही त्यांची हातखंडा काता. त्यात पंधरा डाव आहेत, पण कुणी कुणाला आपटत नाही. तोल गेला तिथे डाव थांबतो. १९६४ च्या तोक्यो ऑलिम्पिकमध्ये त्यांनी ती करून दाखवली.

पण त्याच संस्थेत स्त्रियांना पाचव्या डॅनच्या वर चढता येत नव्हतं. १९५३ मध्ये पाचवा डॅन मिळाला आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं त्या तिथेच ठेवल्या गेल्या. पुरुष मागून येऊन वर गेले. वर चढायला माणसांनीच बंदी घातली की काय होतं, हे आपल्या समाजाला वेगळं समजावून सांगायला नको. फुकुदाबाईंनी दोन गोष्टी केल्या. सराव सोडला नाही, आणि शिकवणं सोडलं नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो नियम ढळला आणि त्यांना सहावा डॅन मिळाला. २००६ मध्ये जपानच्या मूळ संस्थेने नववा डॅन दिला, २०११ मध्ये अमेरिकेत दहावा. तेव्हा त्या ९८ वर्षांच्या होत्या, सॅन फ्रान्सिस्कोत राहत होत्या आणि अजून शिकवत होत्या. २०१३ मध्ये त्या वारल्या. वय झालं म्हणून मुलीला काढणाऱ्या पालकांना आणखी एक सांगतो. २०२१ मध्ये तोक्योत ऑलिम्पिक झालं, त्यात कराटे प्रथमच होता. महिलांच्या कातेचं सुवर्णपदक स्पेनच्या सांद्रा सांचेझ यांनी घेतलं. वय ३९!

पण एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. नुसत्या सरावाने माणूस चांगला होतो असं नाही. १९३१ मध्ये जपान सरकारने मुलांच्या माध्यमिक शाळांत ज्युदो आणि केंदो सक्तीचे केले. त्याच वर्षी त्यांच्या सैन्याने मांचुरिया घेतला. शिस्त, आज्ञापालन, मरणाची तयारी, हे सारं युद्धाच्या कामी लावलं गेलं. झेन मठांनीही साथ दिली. सोतो झेन पंथाने १९९२ मध्ये त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. साचा चांगला असतो, पण त्यात काय ओतायचं ते आपणच ठरवायचं. म्हणून आमच्या वर्गात आधी पंचशील, मग काता. अष्टांगिक मार्गात 'सम्यक व्यायाम' आहे. मुलांना वाटतं, व्यायाम म्हणजे जोर-बैठका. त्याचा अर्थ प्रयत्न: वाईट येऊ न देणं, आलेलं काढणं, चांगलं आणणं, आणि आलेलं चांगलं टिकवणं. यातलं चौथं सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत कठीण. रोजची काता म्हणजे त्या चौथ्याची सवय.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. पट्ट्याचा रंग विचारू नका; तीच काता आज कशी झाली, ते विचारा. परीक्षेच्या दिवसांत वर्गाचे दिवस कमी करा, नाव काढू नका. मुलगी मोठी झाली म्हणून थांबवू नका. मोठी झाली म्हणूनच पाठवा. आणि जे तरुण शिकून बाहेर पडले, नोकरीला लागले, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ इथे यावं. लहान्यांसमोर उभं राहावं, खरा वार करावा आणि हरावं. ज्येष्ठांनी हरायची तयारी ठेवली, तरच या वस्तीतली लेकरं जिंकायला शिकतील.

वर्ग सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सहा वाजता. एवढं बोलून आम्ही रजा घेतो. जयभीम.